टेपच्या तुकड्याची पर्स

तांदळाचं पंचवीस किलोचं पोतं घरी आलं की त्याच्या तोंडाशी एक ठरलेली झटापट होते. शिवणीचा दोरा एका टोकाने ओढला तर सगळी शिवण सरसर उसवून हातात येते. दुसऱ्या टोकाने ओढला तर दोरा बोटाला काचतो, शिवण आणखी आवळते आणि शेवटी कात्री शोधायला उठावं लागतं. दोरा तोच, शिवणही तीच. पण ही साखळी शिवण असते आणि तिच्यात प्रत्येक फास त्याच्यानंतरच्या फासाने अडवून धरलेला असतो. मशीन जिथे थांबलं तिथला शेवटचा फास सोडवला की त्याच्या आधीचा मोकळा होतो, मग त्याच्या आधीचा, आणि असं करत थेट पहिल्यापर्यंत. सुरुवातीच्या टोकाला अशी सोय नाही.

आतले पंचवीस किलो तांदूळ ही शिवण उसवू शकत नाहीत, कारण त्यांचा रेटा सगळ्या फासांवर एकदम येतो आणि वाटला जातो. आपलं बोट मात्र एका वेळी एकाच फासाशी झुंजतं. पिशवी किंवा पर्स मिटवण्याच्या जितक्या चांगल्या युक्त्या माणसाने काढल्या, त्यातल्या बहुतेकींच्या मुळाशी हीच विषमता आहे. तोंड नुसतं बंद करायचं तर ते शिवून टाकलं तरी भागतं. आतल्या सामानाला उघडता येऊ नये आणि दोन बोटांना मात्र सहज उघडता यावं, यासाठी खरी अक्कल लागते.

डब्याला हा प्रश्न फारसा पडत नाही. डब्याच्या भिंती ताठ असतात, त्यामुळे झाकण कुठे बसायचं ते ठरलेलं असतं. कापडी पिशवीच्या तोंडाला स्वतःचा असा आकारच नसतो. ते लोंबतं, वाकतं, सामान भरलं की फाकतं. म्हणून रचना करणाऱ्याला त्या तोंडाला बाहेरून काहीतरी पुरवावं लागतं, एकतर ताण किंवा कणा. नाडी ताण देते आणि पट्टी कणा देते.

ताणाचा आपल्याकडचा सर्वांत देखणा नमुना म्हणजे बटवा. साध्या नाडीच्या पिशवीत नाडीची दोन्ही टोकं एकाच बाजूने बाहेर येतात, त्यामुळे चुण्या एकीकडे गोळा होतात आणि विरुद्ध बाजूला फट राहते. बटव्यात दोन दोऱ्या असतात. एक डावीकडून शिरते, पूर्ण फेरी मारून डावीकडेच बाहेर येते. दुसरी तशीच उजवीकडून. दोन्हीकडचे गोंडे ओढले की तोंड दोन्ही अंगांनी सारखं आवळतं. बटवा दोऱ्यांनी धरून लटकवला, की आतल्या सुपाऱ्यांचं आणि चुनाळ्याचं वजनच दोऱ्या आणखी ओढतं. म्हणजे जो भार तोंड फाकवेल अशी भीती, त्याच्याकडूनच ते मिटवून घेतलेलं. ज्या कुणी हे पहिल्यांदा केलं, त्या व्यक्तीला माझ्या मते कोणत्याही अभियांत्रिकी महाविद्यालयाने पदवी द्यावी.

दोरी सुटत नाही ती वेढ्यामुळे. भाऊच्या धक्क्यावर लाँच लागली की खलाशी दोरखंडाचे दोन-तीन वेढे खुंटाला देतो आणि एका हाताने लाँच धरून ठेवतो, तेच गणित इथे चालतं. वेढ्याचा कोन वाढत जातो तसा दोरीचा ताण गुणाकाराच्या पटीने घटत जातो. घर्षणांक ०.३ धरला तर एका पूर्ण वेढ्यात ताण साडेसहा पटींनी कमी होतो आणि दोन वेढ्यांत त्रेचाळीस पटींनी. हे सूत्र अठराव्या शतकात लिओनार्ड ऑयलरने मांडलं. बटव्याची दोरी तर फेरी मारताना प्रत्येक चुणीवर थोडी थोडी वाकते आणि तो कोनही हिशेबात जमा होतो. एवढं असूनही तोंडात दोन बोटं घालून फाकवलं की बटवा उघडतो, कारण बोटांचा जोर नेमका तोंडावर पडतो. सुपाऱ्यांचा जोर पडतो तो पोटावर.

बटवा गेला आणि चेन आली. १८९३ साली अमेरिकेत व्हिटकॉम्ब जडसन याने बुटांसाठी आकड्यांची एक सरकती कडी पेटंट केली, पण ती भलत्या वेळी उघडायची. दात एकमेकांत बसवून ते दुखणं गिडियन सुंडबॅकने घालवलं. त्याचं पेटंट १९१७ चं आहे. चेनमध्ये दातांना दात धरून ठेवतात आणि रनर एका वेळी एकाच जोडीला हात घालतो, म्हणजे गोष्ट पुन्हा पोत्याच्या शिवणीवरच येते. रनर झिजला की त्याचे दोन ओठ किंचित फाकतात, दात पुरेसे जवळ दाबले जात नाहीत आणि चेन मागून उघडी पडते. अशा वेळी चेनवाला पकडीने रनरचे ओठ हलकेच दाबून देतो. बहुतेक वेळा तेवढ्याने काम भागतं. दात शाबूत असताना अख्खी चेन बदलायला सांगणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नये.

वेल्क्रोची जन्मकथा सर्वांना पाठ आहे. १९४१ मध्ये स्वित्झर्लंडच्या जॉर्ज द मेस्त्रालच्या कुत्र्याच्या केसांत बर्डॉकची काटेरी फळं अडकली वगैरे. त्यातला कामाचा भाग एवढाच, की वेल्क्रो आडवा ओढला तर सगळे आकडे मिळून झुंजतात, आणि कडेपासून सोलला तर एका वेळी एकच ओळ. टिचबटणही सरळ ओढण्यापेक्षा एका कडेने उचललं की चटकन सुटतं. चुंबकाचं बटण मला फारसं आवडत नाही. चुंबकाची ओढ अंतरासोबत झपाट्याने घटते. पर्स जरा जास्त भरली आणि दोन चकत्यांमध्ये चार-पाच मिलिमीटरची फट पडली, की ते नुसतं शोभेपुरतं उरतं. म्हणजे ज्या दिवशी त्याची खरी गरज, नेमकं त्याच दिवशी ते रजेवर.

आता कण्याची बाजू. चष्म्याच्या दुकानात एक मऊ पाकीट मिळतं. त्याच्या तोंडाची दोन टोकं चिमटीत दाबली की तोंड बदामासारखं उघडतं आणि सोडलं की मिटतं. आत स्प्रिंगच्या दोन चपट्या पट्ट्या असतात. पट्टी लांबीच्या दिशेने दाबली की एका मर्यादेनंतर ती आणखी दबत नाही, बाजूला फुगते. ही मर्यादा किती, हे १७४४ साली सांगणारा पुन्हा ऑयलरच. पिशव्यांच्या तोंडाशी हा गृहस्थ इतक्यांदा भेटेल असं वाटत नाही, पण भेटतो खरा. पाकिटातला चष्मा तोंडाला आतून आडवा रेटतो, बोटं टोकांना उभी दाबतात, आणि दोन दिशांचा हा फरक पाकीट मिटलेलं ठेवतो. उणीव एवढीच, की चपटी पट्टी आडव्या रेट्यालाही हळूहळू नमते. थोडा रेटा आला की थोडी फट पडते.

इथे टेप कामाला येतो. सुताराचा, पोलादी, पिवळा टेप. त्याचे दोन तुकडे पर्सच्या तोंडाच्या दोन नेफ्यांत सरकवायचे, बस्स. ही पर्स मधोमध धरून दोन्हीकडे ओढली की तोंड उघडतं आणि सोडलं की खट्कन मिटतं. शिवणकाम करणाऱ्या बऱ्याच जणींना ही युक्ती ठाऊक आहे. तिच्यामागचं विज्ञान त्या पर्सपेक्षा खूप मोठं आहे.

टेपची पट्टी सपाट नसते. तिला रुंदीत पन्हळीसारखा बाक दिलेला असतो. असा बाकदार टेप अमेरिकेत हायरम फॅरंडने १९२२ मध्ये पेटंट केला. त्याआधीचे टेप सपाट असत, बाहेर काढले की लगेच मान टाकत. बाकाने काय होतं ते मोजून पाहू. समजा पट्टी १९ मिलिमीटर रुंद आहे, ०.१२ मिलिमीटर जाड आहे आणि तिचा बाक ३ मिलिमीटर खोल आहे. तेवढीच सपाट पट्टी वाकवायला जितका जोर लागेल, त्याच्या सहाशे पटींहून जास्त जोर या पट्टीला लागतो. पोलाद तेवढंच, फक्त ते मधल्या पातळीपासून दूर नेऊन ठेवलं.

पण हा ताठपणा कायमचा नसतो. पट्टीवरचा जोर वाढवत नेला तर ती बराच वेळ जराही हलत नाही, आणि मग एका क्षणी एका जागी तिचा बाक सपाट होतो व ती तिथेच दुमडते. सपाट झाली की सहाशे पटींचं भांडवल त्या जागी संपलं. पुढे ती उघडी धरायला फार थोडा जोर पुरतो. पर्सच्या तोंडाला हवं असतं ते अगदी हेच. मिटलेलं असताना खंबीर, उघडताना एकच उंबरठा आणि तो ओलांडला की बोटांना आराम. आतली नाणी पट्टीच्या सगळ्या लांबीवर पसरून रेटतात, म्हणून उंबरठ्यापर्यंत पोचत नाहीत. दहा रुपयांचं नाणं पावणेआठ ग्रॅमच्या आसपास भरतं, वीस नाणी मिळून दीडशे ग्रॅम. बोटं मात्र मधोमध, एकाच जागी ओढतात.

टेपला दोन बाजू आहेत आणि त्या सारख्या वागत नाहीत, हे घरच्या घरी पाहता येतं. टेप आडवा धरून खोलगट बाजू वर ठेवा आणि हळूहळू बाहेर काढत जा. बऱ्याच लांबीपर्यंत तो तग धरेल आणि मग अचानक मोडल्यासारखा पडेल. आता तोच टेप फुगीर बाजू वर करून धरा. कितीतरी कमी लांबीत मान टाकेल. पहिल्या वेळी वाकताना पट्टीच्या कडा ताणल्या जातात, आणि ताणलेल्या कडा सहजी सुरकुतत नाहीत. दुसऱ्या वेळी कडा दाबल्या जातात, त्या मुरडतात आणि पट्टी गुपचूप शरण जाते. दुमडल्यानंतरही फरक उरतो. सिद्धांताप्रमाणे पहिल्या प्रकारची घडी धरून ठेवायला दुसरीच्या पावणेदोन पटींहून जास्त जोर लागतो.

म्हणजे पट्टी नेफ्यात कोणत्या तोंडाने घालायची, यावर पर्सचा स्वभाव ठरतो. दोन्ही खोलगट बाजू एकमेकींकडे केल्या तर पर्स हलक्या हाताने उघडते आणि मिटल्यावर वरची-खालची कड एकमेकींना टेकते. चिल्लर, बडीशेप, औषधाच्या गोळ्या यांना हे पुरे. खोलगट बाजू बाहेर केल्या तर तोंड हट्टी होतं, उघडताना स्पष्ट झटका जाणवतो. मोबाइलच्या पाउचला मी हे पसंत करीन. म्हाताऱ्या, संधिवाताच्या बोटांसाठी मात्र मुळीच नाही. एक पट्टी दुसरीच्या पोटात बसेल अशीही ठेवता येते. मग एक बाजू मऊ, दुसरी कडक, आणि उघडताना पर्स तिरकी होते. ते मला कधी पटलं नाही.

इतक्यांदा वाकून पट्टी परत सरळ कशी होते? तिची घडी सुरीच्या धारेसारखी नसते. तिची त्रिज्या साधारण पट्टीच्या मूळ बाकाच्या त्रिज्येएवढी असते, वरच्या उदाहरणात १६ ते १७ मिलिमीटर. एवढ्या पातळ पट्टीला एवढ्या गोलाईत बाहेरच्या पृष्ठभागावर जेमतेम ०.४ टक्के ताणावं लागतं. स्प्रिंगचं पोलाद तेवढं सहन करून पूर्वस्थितीला येतं. बिस्किटाच्या डब्याचा पत्रा याच्या निम्म्या ताणातही कायमचा वाकडा होईल. म्हणून पत्र्याची पट्टी कापून हा प्रयोग करू नये.

हीच घडी मंगळापर्यंत गेली आहे. युरोपच्या ‘मार्स एक्स्प्रेस’ यानावर जमिनीखालचं पाणी शोधणारं रडार आहे. त्याच्या दोन मुख्य अँटेना प्रत्येकी २० मीटर लांबीच्या. प्रक्षेपणाच्या वेळी त्या पेटीत घडी करून ठेवलेल्या होत्या. काचतंतूंच्या पोकळ नळ्या, घडीच्या जागी चिरा दिलेल्या. तिथे नळीची भिंत टेपसारखीच सपाट होऊन दुमडते आणि मोकळी सोडली की स्वतःच्या जोरावर ताठ होते. ना मोटर, ना बिजागरी. उलगडताना नळी उसळून यानालाच धडकेल, या भीतीने हे काम वर्षभर लांबलं. मे २००५ मध्ये पहिली अँटेना सोडली तेव्हा तिचा एक सांधा पूर्ण ताठ झाला नाही. शास्त्रज्ञांनी यान फिरवून त्या बाजूला ऊन दिलं आणि ११ मे रोजी सांधा जागेवर बसल्याचं कळलं. पर्सच्या पट्टीला परत सरळ व्हायला जसा अडसर नको, तसाच तिथेही नको होता. थंडीने आखडलेला सांधा नेमका तिथेच अडला होता.

जमिनीवर परत येऊन करायचीच असेल तर पट्टी नेफ्यापेक्षा किंचित आखूड कापावी. बरोबर मापाची घेतली तर शिवण तिला टोकांकडून दाबत राहते आणि मिटलेलं तोंड आपोआप फुगतं. पत्रा कापायच्या कात्रीने चारही कोपरे गोल करावेत आणि टोकांवर जाड चिकटपट्टी गुंडाळावी, नाहीतर महिनाभरात पोलाद अस्तर कापून बाहेर डोकावतं. धुण्याआधी पट्ट्या काढता याव्यात म्हणून नेफ्याचं एक टोक हाताच्या टाक्यांनी शिवावं. टेप जुना चालेल, आकडे पुसट झालेला तर उत्तमच. पण कधी दाराखाली चिरडून त्याला पक्की मोड पडली असेल, तर तेवढा भाग टाकून द्यावा. त्या जागी पोलाद ०.४ टक्क्यांच्या कितीतरी पुढे गेलेलं असतं आणि पर्स कायम तिथेच उघडी राहील.