मांजराचं इन्सुलिन : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मांजराला मधुमेह आहे असं पशुवैद्यांनी सांगितलं, की बहुतेक घरांतून एकच उद्गार निघतो : "पण आम्ही त्याला कधी गोड दिलंच नाही!" दिलं असतं तरी त्याला ते गोड लागलं नसतं. गोड चव ओळखायला लागणारं एक जनुक मांजरांमध्ये निकामी झालेलं असतं, हे २००५ साली संशोधकांनी दाखवून दिलं. मांजराच्या मधुमेहामागची कारणं निराळी असतात. लठ्ठपणा, दिवसभर घरात बसून राहणं, वाढतं वय आणि कधी खाजेवर किंवा दम्यावर बरेच दिवस दिलेली स्टेरॉइडं, ही त्यांतली मुख्य. नसबंदी झालेल्या बोक्यांमध्ये हा आजार जास्त आढळतो.

हा मधुमेह बराचसा माणसाच्या टाइप २ सारखा असतो, त्यामुळे "गोळीवर भागेल ना?" ही आशा स्वाभाविक आहे. पण ग्लिपिझाइडची गोळी मोजक्याच मांजरांना लागू पडते. अमेरिकेत २०२२ मध्ये बेक्साग्लिफ्लोझिन आणि २०२३ मध्ये व्हेलाग्लिफ्लोझिन या तोंडावाटे द्यायच्या औषधांना मान्यता मिळाली. मात्र ती एरवी धडधाकट असलेल्या आणि आधी इन्सुलिन न घेतलेल्या मांजरांसाठीच आहेत. शिवाय रक्तात घातक आम्ल साठण्याचा धोका असल्याने त्यांच्यावरही बारीक लक्ष ठेवावं लागतं. बहुसंख्य मांजरांसाठी दिवसातून दोनदा इन्सुलिन हाच भरवशाचा मार्ग आहे.

सगळ्यांत घातक गैरसमज इथूनच सुरू होतो : "युनिट म्हणजे युनिट, सिरिंज कुठलीही चालते." भारतात इन्सुलिन मुख्यतः दोन तीव्रतांत मिळतं. एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेलं आणि १०० युनिट असलेलं. दोन्हींच्या सिरिंजा वेगळ्या. ४० ची साधारण लाल टोपीची, १०० ची नारिंगी टोपीची. मांजरांसाठी जगभर वापरलं जाणारं ग्लार्जिन १०० च्या तीव्रतेचं असतं, तर प्रोझिंक, कॅनइन्सुलिन ही खास प्राण्यांसाठीची इन्सुलिनं ४० ची. आता १०० चं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये एका रेघेपर्यंत भरलं, तर अंगात एक नव्हे, अडीच युनिट जातात. उलट गफलत झाली तर जेमतेम ०.४ युनिट जातं आणि औषध लागूच पडत नाही, असं वाटत राहतं. माणसाला वीस-पंचवीस युनिट लागत असतील. चार किलोच्या मांजराची सुरुवात मात्र बहुधा एका युनिटाने होते, फार तर दोनने. अशा इवल्याशा डोसात दीड युनिट जास्त जाणं म्हणजे जिवाशी गाठ. म्हणून टोपीच्या रंगावर विसंबू नका. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा शेजारी धरून वाचा, आणि नवी सिरिंज किंवा नवी बाटली आणली की पुन्हा वाचा. अर्ध्या युनिटाच्या रेघा असलेली ०.३ मिलिलिटरची सिरिंज मिळाली, तर तीच घ्या.

आजी-आजोबांचं इन्सुलिन फ्रीजमध्ये असतंच, तेच थोडं दिलं तर? नको. माणसांना सर्रास दिलं जाणारं ३०/७० मिश्रण मांजराच्या रोजच्या उपचाराला योग्य नाही. त्यातला जलद भाग साखर झपाट्याने खाली आणतो आणि उरलेल्याचाही असर मांजरात बारा तास टिकत नाही.

"आज साखर ३५० आली, थोडं वाढवून देऊ," हा विचार काळजीपोटीच येतो, पण तो महागात पडू शकतो. दवाखान्याच्या भीतीनेच मांजराची साखर ३०० च्या वर जाऊ शकते. एका आकड्यावरून डोस ठरत नाही. कानाच्या कडेला बारीक टोचून घरीच बारा तासांत दर दोन तासांनी साखर मोजायची, तो आलेख पशुवैद्यांना दाखवायचा. बदल करायचाच तर तो एक-दोन आठवड्यांनी, अर्ध्या किंवा एका युनिटाचा. माणसांसाठीचं ग्लुकोमीटर मांजराची साखर अनेकदा खऱ्यापेक्षा कमी दाखवतं, हेही ध्यानात असू द्या. आकड्यांइतकंच महत्त्व मांजर पाणी किती पितं, लघवी किती करतं आणि वजन टिकतंय का, याला आहे. डोस वाढत गेला तरी काहीच फरक पडत नसेल, तर दातांचा किंवा मूत्रमार्गाचा संसर्ग शोधावा लागतो. ब्रिटनमध्ये बाराशेहून जास्त मधुमेही मांजरांची तपासणी झाली, तेव्हा सुमारे चौथ्या हिश्शाच्या रक्तात वाढ-संप्रेरकाच्या आजाराकडे बोट दाखवणारं द्रव्य जास्त सापडलं. हा आजार असला, की नेहमीचा डोस पुरा पडत नाही.

इंजेक्शन देताना मांजर हललं, थोडं इन्सुलिन केसांवर सांडलं, किती आत गेलं कळेना. अशा वेळी पुन्हा टोचू नका. डोस चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट देऊ नका. एक वेळ साखर वाढलेली राहिली तर सहसा निभावतं, ती एकदम घसरली तर निभावेलच असं नाही. मांजराने जेवण टाकलं किंवा उलटी केली, तर नेहमीचा डोस देण्याआधी पशुवैद्यांना फोन करा. चाल लटपटणं, थरथर, सुन्न नजर, झटके ही साखर उतरल्याची लक्षणं. शुद्धीत असेल तर लगेच खायला द्या. गिळता येत नसेल तर मध किंवा ग्लुकोजचा पाक हिरड्यांवर चोळा, घशात ओतू नका. नंतर सावरलेलं दिसलं तरी दवाखाना गाठा, कारण इन्सुलिनचा असर अजून चालू असतो.

साठवणीबद्दल थोडक्यात. न उघडलेली बाटली २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवायची, फ्रीझरपासून दूर. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नाही. विदर्भातल्या मे महिन्यात वीज गेली, की बंद फ्रीजचं दार सारखं उघडू नका. ग्लार्जिन पाण्यासारखं स्वच्छ दिसायला हवं, गढूळ झालं तर टाका. ते हलवायचंही नाही. गढूळच असणारी इन्सुलिनं लेबलवर लिहिलं असेल तशीच मिसळा. डोस लहान आहे म्हणून पाणी घालून पातळ करण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नका. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या डब्यात बंद करून दवाखान्यात परत द्या. घंटागाडीत त्या मोकळ्या गेल्या तर कचरा उचलणाऱ्याच्या हातात घुसतात.

राहता राहिली "आता जन्मभर टोचायचं" ही धास्ती. निदान लवकर झालं, पिष्ट कमी आणि प्रथिनं जास्त असा आहार दिला, म्हणजे दूध-पोळी बंद केली, आणि साखर आटोक्यात राहिली, तर बऱ्याच मांजरांचं इन्सुलिन सुटतं. आहारातला बदलही पशुवैद्यांना विचारूनच करा, कारण त्याने डोसची गरज झटकन कमी होऊ शकते. स्वादुपिंड सावरू लागलं की कालपर्यंत योग्य असलेला डोस आज जास्त ठरतो. म्हणून मांजर छान दिसू लागल्यावरही घरी साखर मोजणं थांबवू नका.