जमीन, लाकडी व बांबूची

लाकडी फळ्या किंवा बांबूच्या पट्ट्या बसवून केलेली घरातील जमीन. नाशिकच्या जुन्या वाड्यांत माडीची जमीन लाकडी तुळयांवर आधारलेली असे. पावसाळ्यात लाकूड हवेतील ओलावा शोषून फुगते व उन्हाळ्यात आकसते. म्हणून पूर्ण सुकविलेले लाकूड निवडून भिंतीलगत फट ठेवतात. सागातील नैसर्गिक तैल द्रव्यांमुळे त्यास वाळवी सहसा लागत नाही; मात्र वृक्ष वाढण्यास अनेक दशके लागतात. बांबू हे गवत असून ते ३ ते ५ वर्षांत तोडणीयोग्य होते. त्यातील स्टार्चामुळे त्यास भुंगेरे लागतात. बोरिक अम्ल व टाकणखार यांच्या विद्रावाची प्रक्रिया केल्यास ते टिकते. तळमजल्यावर दोहोंखाली ओलावारोधक थर आवश्यक असतो. तो नसल्यास उत्तम सागही कुजतो.