अपघाताचा दावा आणि विम्याचे कवच

वाहनाच्या धडकेने कोणी दगावले किंवा जायबंदी झाले, तर भरपाईचे देणे चालकाबरोबर वाहनमालकाच्याही माथी येते. मीरा-भाईंदरमधल्या सामान्य कुटुंबावर मोठ्या रकमेचा दावा लागण्याची शक्यता सर्वांत जास्त इथेच आहे. काशीमिऱ्याजवळ घोडबंदर रस्ता मुंबई-अहमदाबाद महामार्गाला मिळतो आणि कंटेनरच्या बाजूने दुचाकी वाट काढत जातात. इथला दावा साधारणपणे ठाण्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतो.

भरपाई मोजण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने 2009 आणि 2017 च्या निकालांत पक्की केली. मृताचे वय 35, कायम नोकरीतला पगार महिना 30,000 रुपये आणि अवलंबून असलेली माणसे चार, असे धरू. वर्षाच्या 3,60,000 मध्ये भावी वाढीपोटी निम्मी रक्कम मिळवली की 5,40,000 होतात. मृताच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा जाऊन 4,05,000 उरतात. या वयाचा गुणक 16. म्हणजे 64,80,000 रुपये. व्याज आणि अंत्यसंस्कारासारख्या बाबी वेगळ्या.

ही रक्कम पेलण्यासाठीच मोटार वाहन कायदा, 1988 ने थर्ड पार्टी विमा सक्तीचा केला. मृत्यू आणि शारीरिक इजेसाठी त्याला रकमेची मर्यादा नाही. मालमत्तेच्या नुकसानीला मात्र आहे: दुचाकीला 1 लाख, खासगी मोटारीला साडेसात लाख. 75 ते 150 सीसीच्या दुचाकीचा वार्षिक हप्ता 2022 मध्ये 714 रुपये ठरला. सामान्य माणसाला इतक्या कमी पैशांत इतके मोठे संरक्षण दुसरीकडे कुठे मिळत नाही, आणि नेमके तेच चुकून सुटते. सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीचा हा विमा पाच वर्षांचा आणि मोटारीचा तीन वर्षांचा एकदमच काढावा लागतो. एवढ्या काळानंतर नूतनीकरणाची तारीख लक्षात राहत नाही. पोलिसांनी पकडले तर पहिला दंड 2,000 रुपये. अपघात झाला तर वर मांडलेला सगळा हिशेब मालकाच्या नावे. तो भरला नाही, तर जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होऊ शकते.

विमा चालू असूनही कवच तोकडे पडते, असे प्रसंग आहेत. गाडी विनापरवाना माणसाच्या किंवा अल्पवयीन मुलाच्या हाती दिली, तर न्यायाधिकरण अनेकदा कंपनीला आधी भरपाई द्यायला लावते आणि मालकाकडून ती वसूल करण्याची मुभा देते. पीडिताला पैसे मिळतात, मालक सुटत नाही. निव्वळ थर्ड पार्टी पॉलिसीत दुचाकीवर मागे बसलेल्याची जोखीम येत नाही. त्यासाठी लोक ज्याला ‘फुल इन्शुरन्स’ म्हणतात ती पॅकेज पॉलिसी लागते. रोज पत्नीला किंवा मित्राला स्टेशनवर सोडणाऱ्याने हे आवर्जून पाहावे. विकलेल्या गाडीचे आरसी बुक नव्या मालकाच्या नावे झालेले नसेल, तर जबाबदार नोंदणीकृत मालकच, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये सांगितले. पैसे हातात आले म्हणजे व्यवहार संपला, हा समज महागात पडतो.

गाडीबाहेरचे दावे संख्येने कमी, पण ते येतात. खिडकीतली कुंडी खाली कोणाच्या डोक्यावर पडली, गळतीने खालच्या फ्लॅटचे छत खराब झाले, अशा वेळी गृहविम्यातला सार्वजनिक दायित्वाचा भाग उपयोगी पडतो. तो बहुधा वेगळा मागून घ्यावा लागतो.

डॉक्टरांची गोष्ट निराळी. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे 1995 मध्ये ठरले. 2013 मध्ये कोलकात्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जवळपास 6 कोटींची भरपाई दिली. त्यामुळे छोट्या दवाखान्यालाही व्यावसायिक दायित्व विमा हवा. या पॉलिसीत उपचार कधी झाला यापेक्षा दावा कधी आला हे सहसा महत्त्वाचे असते. म्हणून ती मध्ये खंडित झाली, तर जुन्या रुग्णाने नंतर केलेला दावा संरक्षणाबाहेर राहू शकतो.