बँक बुडाली तर ठेवीचे काय?

नांदुऱ्याशेजारच्या मलकापूरची अर्बन को-ऑप बँक आठवा. नोव्हेंबर 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, खात्यातून फक्त 10,000 रुपये काढता येऊ लागले. 5 जुलै 2023 ला परवानाच रद्द झाला.

अशा वेळी ठेव विमा महामंडळ प्रत्येक ठेवीदाराला 5 लाखांपर्यंत देते. फेब्रुवारी 2020 पूर्वी ही मर्यादा 1 लाखच होती. हे 5 लाख मुद्दल आणि व्याज मिळून, एकाच बँकेच्या सगळ्या शाखांतील एकाच नावाच्या सगळ्या खात्यांना मिळून आहेत. म्हणजे नांदुऱ्यात 3 आणि खामगावात 3 लाख ठेवले, तरी संरक्षण 5 लाखांनाच. बँक वेगळी असेल तर मर्यादाही वेगळी. ठेव विम्याच्या कायद्यातील 2021 च्या दुरुस्तीमुळे निर्बंध लागल्यापासून साधारण 90 दिवसांत हे पैसे मिळायला हवेत. त्यासाठी केवायसी पूर्ण ठेवून दावा अर्ज वेळेत भरा.

5 लाखांवरच्या रकमेचे दुखणे खरे मोठे. तिच्यासाठी अवसायकाकडे, म्हणजे बँक गुंडाळण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, दावा नोंदवावा लागतो. कर्जवसुली आणि मालमत्ता विकून येईल त्यातून ती मिळते, कधी वर्षानुवर्षे थांबून, कधी अपुरी. बँकेला माल पुरवलेल्यांची बिलेही तिथेच नोंदवायची. त्यांना विम्याचे कवच नाही. भागभांडवलालाही नाही.

कर्जदार मात्र सुटत नाही, हप्ते भरावेच लागतात. ठेव आणि कर्ज दोन्ही असतील तर थकबाकी वळती होते.

आणि पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा मुळीच लागू नाही. आपल्या भागात पतसंस्था गावोगावी आहेत, म्हणून पावतीवर ‘बँक’ लिहिले आहे की ‘पतसंस्था’, हे आजच पाहा.