मुंबई-दुबई तीन तास, वाशीमहून किती?

मुलगा दुबईला नोकरीस आणि आईवडील कारंजा, रिसोडकडे, अशी बरीच घरे माझ्या माहितीत आहेत. व्हिसा आला की ही मंडळी तपासणीसाठी येतात आणि म्हणतात, "डॉक्टर, विमान तर तीनच तासांचं आहे!"

ते खरे आहे. मुंबई ते दुबई अंतर सुमारे १,९३० किलोमीटर, विमानाला तीन ते साडेतीन तास लागतात. दुबईचे घड्याळ आपल्या दीड तास मागे असल्याने तिकिटावर तर हा वेळ आणखी कमी दिसतो. पहाटे ४ ला निघालेले विमान तेथील पावणेसहाच्या सुमारास पोहोचते. परतीच्या तिकिटावर हाच दीड तास वाढलेला दिसतो.

शरीर मात्र घरापासूनचे तास मोजते. ट्रॅव्हल्सच्या गाडीत रात्रभर, विमानतळावर तीन तास, मग विमान. सगळे मिळून अठरा-वीस तास होतात आणि त्यातील बहुतेक वेळ पाय लोंबकळत असतात. पोटरीचे स्नायू हलले नाहीत की शिरांतील रक्त संथ होते व गुठळी होऊ शकते. चार तासांहून अधिक बसून प्रवास केल्यास हा धोका साधारण दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली सांगितले. हे बस व रेल्वेलाही लागू आहे. निरोगी माणसात तो सहा हजारांत एक इतकाच आहे, म्हणून घाबरू नये. परंतु नुकतेच ऑपरेशन झालेले, गरोदर स्त्रिया, फार स्थूल किंवा पूर्वी गुठळी झालेली माणसे यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. मनानेच अ‍ॅस्पिरिन घेऊ नये. गाडी थांबेल तेथे उतरून चालावे, बसल्या जागी टाचा-चवडे वर-खाली करावेत. पुढील काही आठवड्यांत एकच पोटरी सुजली, दुखली किंवा एकाएकी दम लागला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

वाटेत स्वच्छ संडास मिळत नाही म्हणून आपल्या स्त्रिया पाणीच पीत नाहीत. हे फार वाईट. विमानातील हवा कोरडी असते, आणि तिचा दाब कळसूबाईच्या शिखरापेक्षाही विरळ, म्हणजे सहा ते आठ हजार फुटांवरच्या हवेइतका असतो. दमा, हृदयरोग किंवा पंडुरोग असलेल्यांना तेथे धाप लागू शकते.

मधुमेह्यांनी इन्सुलिन हातातील पिशवीतच ठेवावे. सामानाच्या कप्प्यात ते गोठले तर निरुपयोगी होते. दीड तासाच्या फरकासाठी सहसा डोस बदलावा लागत नाही. मात्र जेवणाआधीचे इन्सुलिन जेवण समोर आल्याशिवाय टोचू नये. विमानाला उशीर झाला तर उपाशीपोटी साखर उतरते.

औषधे मूळ वेष्टनात, चिठ्ठीसह न्यावीत. कोडीन असलेली खोकल्याची औषधे व ट्रॅमाडॉल यांवर तेथे कडक निर्बंध आहेत, त्यांना आधी परवानगी लागते. खसखस तर मसाल्यातूनही नेऊ नये. तेथे तिला बंदी आहे.