किनवटचा वणवा आणि त्याचा बंदोबस्त

मराठवाड्यात जंगल ते कुठले, असा प्रश्न लातूरच्या पठारावर उभे राहून कोणी केला, तर त्यास एकाएकी उत्तर देणे कठीण आहे. कारण त्या जिल्ह्यातील वनाच्छादन शेकडा एकाच्याही आत आहे, आणि २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून आगगाडीने आणलेल्या पाण्यावर ज्या शहराची तहान भागवावी लागली, त्याच्या भोवतालच्या मुलखात झाडांची गणती बांधावरच्या बाभळी-लिंबांपासून सुरू होऊन बहुधा तेथेच संपते. परंतु नांदेडहून भोकर मागे टाकून किनवट-माहूरच्या दिशेने जाऊ लागले, म्हणजे भूमीचे रूप पालटते. पैनगंगेचे वळणावळणांचे पात्र, सहस्रकुंडाचा धबधबा, रेणुकामातेचा गड, आणि या सर्वांच्या अवतीभोवती पसरलेले साग, ऐन, धावडा, मोह, टेंभुर्णी व पळस यांचे शुष्क पानझडी अरण्य, हे मराठवाड्याचे खरे वनवैभव होय. आणि दरसाल शिमग्याच्या सुमारास ज्याच्या अंगावरून आगीची रेघ सरपटत जाते, तेही हेच.

या जंगलाचे दफ्तर अनेक हातांतून फिरले आहे. किनवट हा १९५६ पूर्वी आदिलाबाद जिल्ह्याचा तालुका होता, आणि त्यावर हैदराबाद संस्थानचा १३५५ फसलीचा जंगल कायदा चाले. राज्यपुनर्रचनेत तो नांदेडास जोडला गेला. आज तेथे १९२७ चा भारतीय वन अधिनियम लागू आहे. त्याच्या २६ व्या कलमाने राखीव जंगलात आग लावणे हा गुन्हा ठरतो, आणि ७९ व्या कलमाने जंगलात हक्क-सवलती उपभोगणाऱ्या प्रत्येक इसमावर वणवा विझविण्यास हातभार लावण्याचे बंधन येते. सारांश, हुकमांची वाण कधीच नव्हती. तरीही फाल्गुन-चैत्रात रात्री डोंगराच्या उतारावर आगीच्या माळा दिसतात, त्या अर्थी कारण कायद्याच्या पोथीबाहेर शोधले पाहिजे.

परदेशातील वणव्यांची जी चित्रे आपण पाहतो, त्यांत ज्वाळा वृक्षांच्या शेंड्यांवरून धावतात. आपल्या पानझडी जंगलातला वणवा त्या जातीचा नव्हे. तो जमिनीलगतचा असतो. येथे हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडला, तरी तो चार महिन्यांत आटोपतो. पुढे थंडी सरता सरता सागाची परातीएवढी पाने गळून पडतात, कुसळी गवत वाळून कोळ होते, आणि माघाच्या अखेरीस साऱ्या वनभूमीवर सुक्या पाचोळ्याचा असा थर साचतो की एक ठिणगी त्यास पुरे. ज्वाळा गुडघाभर, फार तर कमरेएवढी, चालही बेताची. म्हणूनच ही आग पाहणारास क्षुल्लक वाटते, आणि या क्षुल्लक वाटण्यातच तिचे सामर्थ्य आहे.

ही ठिणगी आभाळातून पडत नाही. वळवाची वीज पडते ती बहुधा पाऊस घेऊन. येथील वणवा माणसाच्या हातून लागतो, आणि त्या हातास बहुधा काही प्रयोजन असते; ते मोहाच्या झाडाखाली गेल्यावाचून कळावयाचे नाही. चैत्राच्या पहाटे मोहाची फुले टपटप गळू लागतात, पिवळसर, मांसल, बोराएवढी. ऊन चढण्यापूर्वी ती वेचून टोपलीत भरावी लागतात, नाहीतर गुरे व हरणे ती खाऊन टाकतात. आता हीच फुले करड्या-तपकिरी पाचोळ्यात पडली तर एकेक शोधताना कंबर मोडते. पण झाडाखालचा पाचोळा आदल्या दिवशी पेटवून दिला, तर काळ्या राखेवर फूल न् फूल उठून दिसते. गोंड, कोलाम, आंध आदी समाजांच्या कित्येक कुटुंबांना ज्या दिवसांत दुसरे काम नसते, त्या दिवसांत ही फुले चार पैसे देतात. आग लावणारी बाई जंगलाची वैरीण नसते. तिला झाडाखालचे चार हात अंगण हवे असते, आणि सायंकाळचा वारा त्या अंगणाची हद्द मानीत नाही, इतकेच.

तेंदूपत्त्याचेही असेच. टेंभुर्णीचे झुडूप जळाले की त्यास कोवळी, लांबरुंद पालवी फुटते, आणि विडीस अशीच पाने लागतात. तीच पालवी झुडपाची वेळीच छाटणी केली तरी फुटते, पण छाटणीस मजुरी पडते आणि काडी फुकट असते. याखेरीज कोणी नव्या गवतासाठी डोंगर पेटवितो, कोणी शेतातले धसकट जाळताना बांधाकडे पाठ करतो, कोणी जळती विडी टाकून चालू लागतो.

या आगीने नुकसान किती, याविषयी मात्र सरसकट विधान करू नये. साग हा मुळातच आगीशी झुंजण्यास शिकलेला वृक्ष आहे: त्याची साल जाड असते, आणि त्याचे रोप वरून जळाले तरी मूळ जिवंत राहून पावसाळ्यात पुन्हा कोंब धरते. ब्रह्मदेशातील दमट सागवनांतून आगीस कटाक्षाने दूर ठेविले असता सागाची रोपेच उगवेनाशी झाली, असा अनुभव इंग्रज वनाधिकाऱ्यांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आला. अमेरिकेच्या वनखात्याने १९३५ मध्ये, प्रत्येक आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत विझलीच पाहिजे, असा दंडक घातला. परिणामी अरण्यांत सरपण साचत गेले, आणि पुढे आगी लागल्या त्या आवाक्याबाहेरच्या, तेव्हा ते धोरण सोडावे लागले. परंतु या दाखल्यांवरून किनवटच्या वणव्यास निर्दोष ठरविणारा तर्क मला मान्य नाही. काही वर्षांतून एखादे वेळी येणारी आग निराळी, आणि त्याच उतारावर दरसाल येणारी निराळी. कोंब धरलेले रोप डोके वर काढण्यापूर्वीच पुढच्या चैत्रात पुन्हा जळते. वर्षानुवर्षे ते जमिनीशीच खुरटून राहते. वरचे म्हातारे वृक्ष उभे असतात, म्हणून जंगल भरलेले दिसते, पण त्यांच्यामागून येणारी पिढी नसते. कोवळ्या रोपांचा नाश होतो, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी जातात, पाचोळ्याचे खत होण्याऐवजी राख होते, आणि उघड्या पडलेल्या मुरमावरून पहिला पाऊस माती घेऊन पैनगंगेत उतरतो. शिवाय मोकळ्या जागी घाणेरीसारखे परके झुडूप माजते, व तेच पुढच्या आगीस इंधन पुरविते.

बंदोबस्ताचा खरा हंगाम उन्हाळा नव्हे, तर हिवाळा होय. महाराष्ट्रात १५ फेब्रुवारीपासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंतचा काळ वणव्याचा म्हणून धरतात. त्याआधी जंगलाच्या सरहद्दीवर व आतील रस्त्यांच्या कडेने पट्टे आखून त्यांतील गवत कापतात व देखरेखीखाली जाळून टाकतात. हीच जाळरेषा. आग तेथवर येते, आणि खावयास काही न मिळाल्यामुळे थबकते. अर्थात रेषेवर पुन्हा पाचोळा उडून आला तर ती कागदावरच राहते. म्हणून ती एकदा काढून भागत नाही, वरचेवर झाडावी लागते, व अलीकडे त्यासाठी पाठीवर अडकविण्याचे ब्लोअर वनरक्षकांस मिळू लागले आहेत. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांनी टिपलेल्या आगीची वर्दी मोबाइलवर पाठविते, ही मोठीच सोय झाली. तथापि उपग्रह आग दाखवितो, विझवीत नाही. विझविणारे हात शेवटी गावचेच असतात, आणि त्यांची हत्यारे म्हणजे पळसाच्या ओल्या डहाळ्या. ज्वाळेस कडेने झोडपीत नेतात. वारा उलटला तर पुढे जाऊन नाल्याच्या काठाने प्रतिवणवा लावतात, म्हणजे दोन्ही आगी समोरासमोर येऊन मधले इंधन संपल्यामुळे विझतात. हे काम जाणत्या माणसांचे आहे. नवख्याने त्यात पडू नये.

तेव्हा माझे मत असे की, सरकारने वणव्यावर खर्चावयाचा रुपया आधी मोहाच्या झाडाखाली खर्चावा. फुले झेलण्यासाठी झाडाखाली जाळी बांधता येते. नाहीतर पाचोळा खराट्याने एका बाजूस लोटता येतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाचा हक्क ग्रामसभांकडे आलेला आहे. ज्या गावास तेंदूचे पैसे थेट मिळतात, त्या गावाकडून छाटणीची व राखणीची अट घालून घेणे अवघड नाही. जंगल जळाल्याने ज्याचे स्वतःचे उत्पन्न बुडते, त्याच्याइतका जागरूक पहारेकरी कोणत्याही खात्यास पगार देऊन मिळावयाचा नाही.

आणि माहूरगडाच्या वाटेने उन्हाळ्यात दर्शनास जाणाऱ्यांस विनंती इतकीच, की घाटात चूल मांडू नये, जळती विडी-काडी टाकू नये, आणि डोंगरावर धूर दिसताच वनखात्याच्या १९२६ या निःशुल्क क्रमांकावर कळवून जवळच्या गावाचे नाव सांगावे.