लढाईचीं बातमीपत्रें व त्यांतून गळालेलीं क्षेमवर्तमानें

मांडवगण फराटा हें गांव शिरूर तालुक्याच्या दक्षिण अंगास भीमाकांठच्या पट्ट्यांत वसलेलें आहे. नदी ओलांडली कीं दौंड तालुका लागतो. याच नदीच्या वरच्या अंगास, याच शिरूर तालुक्यांत, कोरेगांव आहे. व तेथें ता. १ जानेवारी १८१८ रोजीं झालेल्या लढाईविषयीं आजपर्यंत इतकें छापून झालें आहे कीं, पुन्हां तोच विषय घेणें म्हणजे दळलेलें पीठ जात्यांत घालणें होय, असें वाचकांस वाटण्याचा संभव आहे. परंतु लढाई कोणी जिंकली या वादांत आम्हांस शिरावयाचें नाहीं. लढाईचें वर्तमान कागदावर येतांना त्यांतून काय गळतें, तें कोण गाळतें, आणि गळालेलें शोधावयाचें झाल्यास कोणते रुमाल सोडावे, एवढाच प्रश्न येथें घेतला आहे.

प्रथम कोरेगांवचेंच पाहूं. कॅप्टन स्टांटन ता. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्रीं शिरूरच्या छावणींतून पुण्याकडे निघाला. त्याच्याबरोबर सुमारें पांचशें पायदळ, तीनशेंच्या आंतबाहेर स्वार, दोन तोफा व त्यांवरील चोवीस गोरे गोलंदाज होते. सकाळीं कोरेगांवच्या उंचवट्यावरून पाहतो तों नदीपलीकडे दुसऱ्या बाजीरावाची सारी फौज उतरलेली. इंग्रजी कागदांत ही फौज वीस हजार घोडा व आठ हजार पायदळ अशी लिहिली आहे, आणि हाच आंकडा पुढें दीडशें-दोनशें वर्षें पुस्तकांतून फिरत राहिला. प्रत्यक्ष गांवांत शिरून लढलेले अरब, गोसावी वगैरे लोक दोन हजारांच्या घरांत होते, ही गोष्ट त्याच कागदांच्या पोटांत आहे. पण ती मथळ्यास आली नाहीं. दिवसभर कंपनीच्या लोकांस अन्न नाहीं, पाणी नाहीं. रात्रीं नऊच्या सुमारास मारा थांबला. कंपनीकडील ८३४ पैकीं २७५ माणसें ठार, जखमी अथवा बेपत्ता झालीं.

आतां पेशव्यांकडील हानि. इंग्रजी अंदाज पांचशें-सहाशेंचा आहे. लढाईनंतर दोन दिवसांनीं एल्फिन्स्टन स्वतः तेथें गेला. त्याच्या टिपणांत जळालेलीं घरें, गल्ल्यांतून पडलेलीं घोड्यांचीं व माणसांचीं प्रेतें यांचा उल्लेख आहे आणि गांवांत मोजलेलीं प्रेतें सुमारें पन्नास, त्यांतील बहुतेक अरबांचीं, असें आहे. दोन्ही आंकडे एकाच पक्षाचे. पेशव्यांच्या लोकांनीं आपले मृत व जखमी उचलून नेले असतील, तेव्हां पन्नासाचा आंकडा म्हणजे एकूण हानि नव्हे, हें खरें. तथापि डोळ्यांनीं मोजलेला आंकडा कोणता व अजमासानें धरलेला कोणता, हा भेद छापील इतिहासांत फारसा कोणी राखलेला आढळत नाहीं.

यांतील मौजेची गोष्ट अशी कीं, ती लढाई संपली तीच मुळीं एका बातमीनें. जनरल स्मिथ फौज घेऊन जवळ येत आहे हें वर्तमान लागलें, म्हणून पेशव्यांनीं तळ हलविला. इकडे स्टांटनास पेशवे गेले याचा भरंवसा नव्हता. तो पुण्याचा रस्ता सोडून ता. २ च्या रात्रीं जखमींसह शिरूरकडे परत फिरला. म्हणजे दोन्हीकडचे सरदार एकमेकांच्या भीतीनें विरुद्ध दिशांस चालले असतां, थोड्याच दिवसांत कंपनीच्या हुकुमांतून ही लढाई अपूर्व पराक्रम म्हणून जाहीर झाली, आणि पुढें तेथें स्तंभ उभा राहिला. त्या स्तंभावर कंपनीच्या ४९ मृतांचीं नांवें आहेत. त्यांत महार, मराठे, रजपूत, मुसलमान अशा सर्व प्रकारचे शिपाई येतात. साध्या शिपायाचें नांव दगडावर कोरलें जाणें ही त्या काळीं विरळा गोष्ट होय, व ता. १ जानेवारी १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर तेथें गेल्यापासून त्या नांवांस जें महत्त्व आलें त्याचें मूळ यांतच आहे. पेशव्यांकडून मेलेल्या अरबांचीं वा गोसाव्यांचीं नांवें अशा रीतीनें कोणी कोरलीं नाहींत. आणि ज्यांचीं घरें जळालीं त्या कोरेगांवकरांचें काय झालें, कोण नदी उतरून गेले, कोण परत आले, हें ना हुकुमांत आहे ना दगडावर.

जिंकणारा वाढवून लिहितो व हरणारा मुकाट बसतो, एवढ्यावर हा विषय संपत नाहीं. जिंकणाऱ्यानेंही प्रामाणिकपणें लिहिल्याचीं उदाहरणें आपल्याकडे आहेत. मे १७३९ मध्यें वसई घेतल्यावर चिमाजीअप्पांनीं ब्रह्मेंद्रस्वामींस पाठविलेलें पत्र प्रसिद्धच आहे. त्यांत स्वपक्षाची हानि झांकलेली नाहीं व फिरंग्यांच्या झुंजीची तारीफ मोकळ्या मनानें केली आहे. जानेवारी १७७९ मध्यें कार्ल्याजवळ तोफेच्या गोळ्यानें पडलेला कॅप्टन स्टुअर्ट मराठ्यांच्या तोंडीं ‘इष्टुर फांकडा’ होऊन राहिला. शत्रूस असें लाडकें नांव मिळणें हें कोणत्याही अखबारनविसाच्या इच्छेनें होत नाहीं. दोष केवळ पक्षाभिमानाचा असता तर दोन्ही पक्षांचे कागद समोरासमोर ठेवून तो काढतां आला असता. खरी अडचण निराळी आहे. दोन्ही पक्षांचे कागद मिळूनही कांहीं गोष्टी कोणाच्याच कागदांत येत नाहींत, आणि त्या बहुशः चांगल्या गोष्टी असतात.

याचें कारण बातमीच्या यंत्रणेंत आहे. दिल्लीस हिंगण्यांसारखे वकील असत. ठिकठिकाणीं अखबारनवीस असत. जासूद, हरकारे व सांडणीस्वार कागद वाहत. या सर्वांस पोटाला मिळे तें धन्याच्या कामाची बातमी दिल्याबद्दल. धन्याचें काम म्हणजे कोणाची फौज किती, कोठें उतरली, कोण फुटणार, पैसा कोणाकडे आहे. एकादा गांव लुटला गेला तर तो कागदांत येई, कारण तेथून वसूल यावयाचा नसे. न लुटला गेला तर त्याविषयीं लिहिण्याचें प्रयोजनच नसे. जखमी होऊन मेलेला सरदार लिहिला जाई, कारण त्याच्या सरंजामाचा प्रश्न उपस्थित होई. जखमी होऊन वांचलेला शिलेदार आपल्या पायांनीं घरीं जाई. फत्ते झाली तर साखर वाटली जाई, तोफांची सरबत्ती होई. त्या खुषीचा कागद सांपडतो, पण ती खुषी सरकारची. पत्राच्या आरंभीं ‘येथील क्षेम’ म्हणून जें लिहीत तें मायन्याचें क्षेम. त्यावरून कोणी सुखरूप होतें असें अनुमान काढणारा संशोधक अजून आमच्या पाहण्यांत नाहीं.

युरोपांतही निराळी तऱ्हा नव्हती. रशियांतून नेपोलियनची सेना नष्ट होऊन परतली, तेव्हां डिसेंबर १८१२ मध्यें पारीस येथें त्याचें २९ वें युद्धपत्रक प्रसिद्ध झालें. त्यांत अनर्थाची बरीच कबुली होती, आणि शेवटीं बादशहांची प्रकृति उत्तम असल्याचें वर्तमान होतें. घरोघर ज्या क्षेमाची वाट पाहत होते तें हें नव्हे.

आपल्याकडे या वाट पाहण्याची खरी परीक्षा पानिपतानंतर झाली. लढाई शके १६८२ पौष शुद्ध ८, बुधवार, ता. १४ जानेवारी १७६१ रोजीं झाली. उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांस तिचें पहिलें वर्तमान लागलें तें सरकारी डाकेनें नव्हे. दक्षिणेंतील एका पेढीकडे चाललेल्या सावकारी जासुदाची चिठी वाटेंत हातीं आली. तींत मोत्यें व मोहरा यांच्या सांकेतिक भाषेंत सारा अनर्थ दोन ओळींत होता, असें ग्रांट डफनें नमूद केलें आहे. हा कागद मुळांत कोणी पाहिलेला नाहीं, हें लक्षांत ठेवूनही त्यांतील मर्म खोटें वाटत नाहीं. सावकाराची हुंडी अडकलेली असते. त्यास खोटी बातमी परवडत नाहीं, गोड बातमी तर मुळींच नाहीं. वकील धन्यास रुचेल असें लिहील, बखरकार श्रोत्यांस रुचेल असें लिहील. पेढीचा गुमास्ता नुकसान झालें तेवढेंच लिहील. त्यामुळें पहिलें वर्तमान खरें आलें, पण तें केवळ मृत्यूचें आलें.

वास्तविक त्याच दिवसांत चांगलीं वर्तमानेंही होतीं. मल्हारराव होळकर निघाले होते. महादजी शिंदे पायास जखम होऊन पडले होते, त्यांस राणेखान भिस्त्यानें उचलून वांचविलें. पार्वतीबाई सुखरूप निघाल्या. नाना फडणीस मजल दरमजल लपत-छपत परत आले व पुढें आत्मचरित्रांत ती हकीकत त्यांनीं लिहिली. भरतपुरास सूरजमल जाटानें पळून आलेल्यांस आश्रय दिला, अन्नवस्त्र दिलें व वाटेस लावलें. भाऊसाहेबांशीं त्याचें बिनसलें होतें हें ध्यानीं घेतां ही गोष्ट लहान नव्हे. शुजाउद्दौल्याच्या खटपटीनें विश्वासरावांच्या देहास अग्नि मिळाला. हें आपणांस काशीराज पंडिताच्या फारसी लेखावरून कळतें. तो शुजाच्या पदरचा होता, म्हणून आपल्या धन्याचें चांगलें तेवढें तो लिहिणारच, असें म्हणून ही हकीकत टाकून देणारे आहेत. आमच्या मतें येथें उलट न्याय लागतो. पक्षपाती लेखकाजवळही आपल्या पक्षाच्या माणुसकीची नोंद राहते, आणि ती राहण्यास पक्षपाताखेरीज दुसरें साधन त्या काळीं नव्हतें.

हीं वर्तमानें दक्षिणेंत पोहोंचलीं तीं माणसांच्या पावलांनीं, महिन्यामहिन्यांच्या अंतरानें, आणि बहुतेक तोंडीं. मधल्या काळांत ज्या घरीं मृत्यूचाही निश्चय नाहीं व जीविताचाही नाहीं अशीं घरें किती असतील! त्या घरांत कुंकवाचा प्रश्न होता, श्राद्धाच्या तिथीचा होता, वतनाच्या वारसाचा होता. खरें क्षेम न मिळाल्यामुळें खोटें क्षेम विकलें जाऊं लागलें. भाऊसाहेब जिवंत आहेत, अमुक ठिकाणीं दिसले, अशा कंड्या पिकल्या आणि त्यांवरच भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला. सुखनिधान नांवाचा हा कनोजी ब्राह्मण. रत्नागिरीच्या किल्ल्यांत कैदेंत असतां रामचंद्र नाईक परांजपे यानें त्यास सोडून १७७६ मध्यें बंड उभारलें, कोंकणांतील कित्येक ठाणीं घेतलीं, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्यास देहान्त शासन होऊन तें प्रकरण मिटलें. पंधरा वर्षांनींही लोक त्याच्यामागें गेले, याचें कारण भोळेपणा एवढेंच देणें अपुरें आहे. ज्यांचा मृत्यु कोणी पाहिला व कळविला त्यांचे तोतये सहसा होत नाहींत.

आतां संग्राहकांकडे वळूं. राजवाड्यांनीं १८९८ सालीं साधनांचा पहिला खंड काढला तो मुख्यतः याच पानिपतच्या काळाचा. पुढें पेशवे दप्तरांतून सरदेसायांच्या देखरेखीखालीं १९३० ते १९३४ या काळांत ४५ भाग छापले गेले. एवढा प्रचंड संग्रह झाला, परंतु निवड करणाराची दृष्टि अखबारनविसाहून फार निराळी राहिली नाहीं. राजकारण, मोहीम, फितूर, कर्ज हीं पत्रें वेंचलीं गेलीं. उरलेलीं ‘किरकोळ’ म्हणून पुन्हां बांधलीं गेलीं. खाजगी संग्राहकांची गोष्ट तर विचारूंच नये. शिक्कामोर्तब असलेला, नामांकित सहीचा, लढाईचा उल्लेख असलेला कागद ते कांचेखालीं ठेवतात; कुलकर्ण्याच्या घरचें गांवदप्तर मात्र वाळवीच्या स्वाधीन होतें. या पापांत आम्हीही वांटेकरी आहों.

आणि गळालेलें वर्तमान असण्याचा संभव नेमका त्या गांवदप्तरांत आहे. फौज शेतांतून गेली म्हणजे पिकाची पायमल्ली होई, व तिच्याबद्दल रयत सूट मागे. ती मागतांना गांवकरी आपलें दुःख वाढवून लिहीत, हें गृहीत धरावें. म्हणून त्या अर्जासही अखबाराइतकेंच कसास लावलें पाहिजे. परंतु त्यापुढचा कागद अधिक विश्वासाचा. परागंदा झालेली रयत परत यावी म्हणून कौल दिला जाई. पहिल्या वर्षीं थोडा वसूल, पुढें चढता, असा इस्ताव्याचा करार होई. कौल झाला म्हणजे माणसें परत येत होतीं अगर येण्याच्या वाटेवर होतीं. पुढील सालच्या झाडतींत पड जमीन घटली, एकादें बलुतें पुन्हां चालूं झालें, विहिरीस मोट लागली, तर लढाईनंतरचें क्षेम म्हणतात तें हेंच. तें लिहिणाऱ्यास आपण बरी बातमी लिहीत आहों याची जाणीवही नसे, आणि म्हणूनच त्याची किंमत अधिक.

भीमाकांठच्या मांडवगण, कोरेगांव व आसपासच्या गांवांच्या दप्तरांत ‘समान अशर मयातैन व अलफ’ या सालचे, म्हणजे १८१७-१८ चे, व त्यापुढील दोन-तीन सालांचे कागद ज्या कोणाजवळ असतील, त्यांनीं त्यांत लढाईचें नांव आहे कीं नाहीं हें पाहण्यापूर्वीं वसुलाची बेरीज पहावी. पानिपतासाठीं ‘इहिदे सितैन’ सालचे कागद चाळावे. सरदारांच्या दप्तरांत नव्हे, तर ज्यांच्या घरचा एकादा शिलेदार वा बारगीर भाऊसाहेबांबरोबर गेला अशा घराण्यांच्या हिशेबांत. तेथें कर्जाच्या खतावर त्या माणसाची सही पुन्हां दिसूं लागली, अगर उपाध्यायाच्या दक्षिणेच्या याद्यांत त्याच्या मुलाचें लग्न लागलें असेल, तर तो परत आला होता. अशा कागदावर बहुधा तारखेखेरीज कांहीं पाहण्यासारखें नसतें. अक्षर वाईट, शाई फिकी, आणि कडेला हळदीचा डाग.